रस्त्याकडे पाठ

मंगळवारी सकाळी पावणेअकराला ती गाडी माझ्या पाठीमागून वीतभर अंतरावरून गेली आणि मला पत्ताच लागला नाही. आधी शर्ट पाठीला चिकटला, मग पावाची पिशवी कुणी हिसकावल्यासारखी हातातून सुटली, आणि मी वळलो तेव्हा काळ्यापांढऱ्या नागमोडी नक्षीचा कागद गुंडाळलेलं ते बुटकं रुंद धूड कालव्याच्या वळणापाशी पोचलंही होतं. पाव रस्त्यावर. माझा एक पाय फुटपाथवर, दुसरा खाली डांबरावर. मी मूठ वर करून ओरडलो, पण ओरडून संपायच्या आत रस्ता रिकामा झाला होता. ऊन होतं, मक्याच्या शेतावर पाण्याचे फवारे फिरत होते, सगळं अगदी रोजच्यासारखं.

रस्त्याकडे पाठ करून मी का उभा होतो, हे आमच्या गावात कुणी विचारणार नाही. आमच्याकडे गाडी बघत नाहीत, ऐकतात. कारखान्याच्या फाटकातून चाचणीच्या गाड्या निघतात, कालव्याच्या रस्त्याने नीवेसच्या बारवरून जातात आणि टेकड्यांकडे वळतात. माझ्या लहानपणापासून हा क्रम आहे. आणि तेव्हापासून बारसमोरच्या खुर्च्यांची तोंडं भिंतीकडे आहेत. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, या म्हाताऱ्यांचं रस्त्याशी भांडण झालंय. खेळ असा, की आवाज आला की पाठमोऱ्यानेच सांगायचं: कुठलं इंजिन, किती सिलिंडर, नवं की दुरुस्त होऊन आलेलं, चालवणारा कोण. सांगून झालं की मगच वळायचं. जो चुकला त्याने सगळ्यांना वाइन पाजायची. एकतीस वर्षांत मी कुणाला वाइन पाजलेली नाही. लेआर्को हे माझं नाव फक्त टपालवाल्याला लागतं, बाकी गाव मला ‘कान’ म्हणतं. मोदेनातून, बोलोन्यातून, एकदा तर स्वित्झर्लंडमधून लोक आपल्या जुन्या गाड्या माझ्या गॅरेजात आणतात, कारण सहा कार्ब्युरेटर एका श्वासात आणायचे तर यंत्रापेक्षा मी बरा. एक रबरी नळी असते माझ्याजवळ, हातभर लांब. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, एक कानात. आत जाणाऱ्या हवेची सी-सी ऐकायची आणि सहाही ठिकाणी ती सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. यात काही जादू नाही. पण आहे असं लोकांना वाटत आलं, आणि खरं सांगतो, मलाही वाटत आलं.

बारमध्ये शिरलो तेव्हा मी थरथरत होतो आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून जास्तच ओरडत होतो.

“मुकी! मुकी गाडी बनवलीय लेकाच्यांनी! माणूस मारतील एक दिवस!”

एर्मेस उठून आला. तो कारखान्यात चाळीस वर्षं रंगकाम करून निवृत्त झाला, आणि तेवढीच वर्षं माझ्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसतो. “लागलं का रे कुठे?”

“मला काय लागतंय! पावाचा चुराडा झाला.”

“बस आधी. नीवेस, पाणी दे त्याला.”

“पाणी नको. एकोणीसशे अश्वशक्ती, आणि आवाज काय, तर काही नाही! पुसटसा सुद्धा नाही!”

“मी आत कॉफी काढत होते, तरी मला...” नीवेस म्हणाली आणि थांबली. काउंटर आधीच स्वच्छ होता, तरी तिने फडकं घेऊन पुसायला सुरुवात केली. एर्मेसने तिच्याकडे बघितलं, तिने त्याच्याकडे. दोघं हसू दाबतायत असं मला वाटलं. मी आणखी तापलो.

पण रागाचं खरं कारण पाव नव्हता, आणि मरता मरता वाचलो हेही नव्हतं. त्या गाडीची मी तीन वर्षं वाट पाहत होतो. वीज म्हटली की नाक मुरडणारे म्हातारे गावात पैशाला पासरी आहेत. मी त्यातला नव्हतो. कारखाना संपूर्ण विजेवरची गाडी काढणार, जगातल्या कुठल्याही गाडीला मागे टाकेल अशी, हे जाहीर झालं तेव्हा बारमध्ये सुतक पाळलं गेलं आणि मी एकटा तिच्या बाजूने भांडलो. चार चाकांना चार मोटर. शंभरचा वेग गाठायला दोन सेकंदही नाहीत; तेवढ्यात एर्मेसची शिंक पुरी होत नाही. मासिकात छापून आलेली अर्धवट चित्रं मी कापून गॅरेजच्या भिंतीवर लावली. रूप लपवायला कागद गुंडाळलेल्या गाडीच्या खांद्याचा उतार कसा असेल, हे पेन्सिलीने काढून पाहिलं. चौसष्टाव्या वर्षी माणूस कशाची तरी वाट पाहतो, ही काही लहान गोष्ट नाही. माझी बायको ओरिएला गेल्यानंतर सहा वर्षांत मला सकाळी उठवणाऱ्या ज्या दोनतीन गोष्टी उरल्या, त्यांत ही एक होती. शंका होत्या, नाही असं नाही. बॅटरीचं वजनच सातशे किलो. टेकडीच्या तिसऱ्या वळणावर ते वजन कुठे जाणार? आमच्या ऑगस्टच्या उन्हात दहा मिनिटं दाबून चालवली तर ती स्वतःला सांभाळेल की मान टाकेल? आणि पन्नास वर्षांनी? माझ्या गॅरेजात आलेली पन्नास वर्षांची म्हातारी नवं पेट्रोल आणि दोन शिव्या मिळाल्या की चालू होते. ही बंद डबा. हिला कोण उघडणार, कुठे हात घालणार? पण सगळ्यांत मोठी शंका आवाजाची होती, आणि तिच्याविषयी मी कुणाशी बोलत नव्हतो, कारण मनात कुठेतरी मला खात्री होती की हे लोक आपलेच आहेत, काहीतरी करतील. जुनं इंजिन आणि वीज, दोन्हीतलं काहीतरी असेल. आपण पाठ करून बसू आणि पहिल्यांदा ओळखता येणार नाही असं काहीतरी ऐकू. आणि मंगळवारी ती आली, माझ्या मणक्याला घासून गेली, आणि काही नाही. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते काही नाही निघालं. मला फसवल्यासारखं वाटलं. दिवसभर मी भेटेल त्याला सांगत सुटलो, मुकी आहे, मुकी आहे.

इलेनिया गुरुवारी दुपारी जेवायला येते. माझी मुलगी. चौतीस वर्षांची, त्याच कारखान्यात इंजिनिअर. तीन वर्षं ती या गाडीवर काम करत होती, पण नेमकं काय ते घरातसुद्धा सांगायचं नाही अशी लेखी हमी दिलेली. मी आपला धरून चाललो होतो की बॅटरीच्या तारांचं काही असेल. त्या दिवशी मी न्योक्को तळत होतो. कणकेचे चौकोन चरबीत टम्म फुगवायचे आणि हॅमबरोबर खायचे, तिच्या आईच्या हातचे फुगत तसे माझे कधीच फुगत नाहीत. ती आली ती माझ्या पाठीमागे येऊन खांद्याला हात लावूनच बोलली. मी दचकलो.

“किती वेळ हाका मारतेय, पपा. दारातून मारतेय.”

“तळणाच्या आवाजात काय ऐकू येणार.”

ती बसली. हॅमची घडी घालून तोंडात टाकली. तिचा चेहरा आतून काहीतरी फुगून आल्यासारखा दिसत होता. लहानपणी बक्षीस लपवून घरी यायची तेव्हा असाच दिसायचा. म्हणाली, “आजपासून सांगायची परवानगी आहे. तीन वर्षं मी काय करत होते, सांगू?”

“तारा.”

“आवाज.” आणि मग ती जी बोलत सुटली. मोटरचा, गिअरचा, चाकांचा मुळात जो खरा कंप असतो तो पकडून, चाळून, मोठा करून बाहेर सोडायचा. खोटं काही घालायचं नाही. वरच्या साहेबांचं म्हणणं होतं, जुन्या बारा सिलिंडरच्या गाडीचा आवाज टेप करून वाजवा, गिऱ्हाईक खूश होईल. नाहीतर काहीच नको. ती तीन वर्षं भांडली, की ही गाडी स्वतःच्या आवाजात बोलली पाहिजे. “उंच आहे, पपा. खूप उंच. इंजिनासारखा खालून येत नाही. आपल्याला सवय नाही तशी उंची. मंगळवारी बाहेर पहिल्यांदा सोडला, आणि मुद्दाम बारवरून नेली.”

मी चिमट्याने न्योक्को उलटत होतो.

“शेजारच्या सीटवर मी होते, पपा! तुला सांगायचं नव्हतं म्हणून बसले होते दोन दिवस गप्प. तू पाठ करून उभा होतास, नेहमीसारखा. मी आवाज पूर्ण सोडला. तू एक पाय मागे घेतलास रस्त्यावर. चालवणारा म्हणाला, थांबू या, म्हातारा मागे सरतोय. मी म्हटलं, थांबायचं काही काम नाही, जा सरळ. माझे पपा आहेत ते. गाडी कुठे आहे ते त्यांना इंचाइंचाने कळतं.”

चरबी तडतडत होती. ती मला ऐकू येत होती का? दिसत होती. तडतडताना दिसत होती म्हणून ऐकू येतेय असं मला वाटत होतं का? त्या क्षणी हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. मी गॅस बंद केला.

“आणि आरशात पाहिलं, तर तू रस्त्यावर, हात वर केलेला! मला रडूच आलं. आता बारमध्ये म्हणे तू मुकी, मुकी करत हिंडतोयस. मला कळलंय सगळं. नाटकी आहेस एक नंबरचा. शनिवारपर्यंत खरं मत दडवून ठेवतोयस ना?”

शनिवारी आमच्या पाठमोऱ्या खेळाच्या क्लबच्या बारा जणांना कारखान्याने बोलावलं होतं, चाचणीच्या ट्रॅकवर. पाठ करून ऐकायचं आणि मत द्यायचं. कारखान्याची प्रत्येक नवी गाडी विकायला निघायच्या आधी गावासमोरून अशी जाते; ते मत कुठल्याही कागदावर बंधनकारक नसतं आणि आजवर कुठल्याही साहेबाने ते मोडलेलं नाही.

“कसा वाटला ते आत्ता सांगू नकोस,” इलेनिया म्हणाली. “शनिवारीच सांग. बाकीचे अकरा मला बरं वाटावं म्हणून बोलतील. नाकातून शेंबूड गळायचा तेव्हापासून बघितलंय त्यांनी मला. तू खोटं बोलणार नाहीस. आईला सुद्धा कधी खोटं बरं म्हणाला नाहीस. सोमवारी बैठक आहे. तू म्हणालास चांगला, तर मी शेवटपर्यंत भांडेन. तू म्हणालास नाही, तर मी स्वतः तो काढून टाकेन आणि त्यांना काय वाजवायचं ते वाजवू देत.”

“आणखी एकदा ऐकायला हवा,” मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून कसं निघालं कोण जाणे. ते खोटं नव्हतं, आणि याहून मोठं खोटं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

शुक्रवारी मी गॅरेजचं दार आतून लावून घेतलं. बोलोन्याच्या वकिलाची गाडी उभी होती. दोनदा नेली होती आणि दोनदा परत आणली होती. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या पुढे फटफट आवाज येतो म्हणे. मी त्याला म्हटलं होतं, साहेब, पेट्रोल वाईट आहे, बोलोन्यात भरत जाऊ नका. इंजिन चालू केलं. त्याचा खालचा घुमारा मला ऐकू येत होता, छातीत येत होता, पूर्वीसारखाच. म्हणूनच इतके दिवस कळलं नसावं. नळीचं टोक पहिल्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं, दुसरं कानात. काही नाही. नळी चोंदली असेल म्हणून फुंकून पाहिली. ओठांना हवा लागली. दुसऱ्या कानात धरली. काही नाही. मग मी डोळे मिटले आणि काय होतं ते पाहायचं ठरवलं, आणि माझा डावा हात आपोआप, मला न विचारता, इंजिनाच्या झाकणावर जाऊन बसला. तळव्याला कंप लागला. उजव्या हाताने स्क्रू फिरवला, कंप बदलला. असा मी काम करत होतो. किती दिवस? नळी कानात घालून बसलेला असायचो आणि ऐकत असायचो तळव्याने. पण तळव्याला सगळं कळत नाही. वकिलाचं खरं होतं.

मग एकेक गोष्ट येत गेली. मी बोलावत नव्हतो आणि त्या येत होत्या. गेल्या उन्हाळ्यात मी बारमध्ये भाषण ठोकलं होतं, की यंदा दुपारचे किडे नाहीत. पॉप्लरच्या झाडांच्या रांगेत दुपारभर किर्र करून डोकं उठवणारे किडे, सगळे फवारण्यांनी मारले, पोरांना आता उन्हाळा कसा वाजतो ते कळणार नाही. खूप वेळ बोललो होतो, मनापासून. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. कुणी काही बोललं नव्हतं. नीवेसने मला न मागता कॉफी दिली होती. मी समजलो, बोलणं भिडलं. ते सगळे त्या किड्यांच्या कोलाहलात बसून, किडे मेले म्हणून रडणाऱ्या माणसाकडे बघत होते. मला गॅरेजमध्ये एकट्याला लाज वाटली, कान तापले. निदान तापतात अजून. आणि टीव्हीचा आवाज, महिन्यागणिक वाढवत नेलेला. ओरिएला असती तर पहिल्याच आठवड्यात म्हणाली असती, बहिरा झालास का रे? बायको नसली म्हणजे माणसाला किती गोष्टी कळायच्या राहतात.

आणि मग खेळ आठवला. एकतीस वर्षं न हरलेला मी. गाडी यायच्या जरा आधी एर्मेसचं कोपर माझ्या कोपराला लागतं. कधीपासून लागतं? आणि तो पुटपुटतो, माझ्याकडे तोंड करून, “हा आपला आठवाला दिसतोय.” आणि मी म्हणतो, “आठच, आणि तिसऱ्याला जरा खोकतोय,” आणि सगळे वा वा करतात.

मी एर्मेसकडे गेलो. तो अंगणात टोमॅटोला काठ्या बांधत होता. माझं तोंड बघूनच त्याने सुतळी खाली ठेवली.

“किती दिवस माहीत आहे तुला?”

“काय?”

“एर्मेस.”

त्याने टोपी काढली, परत घातली. “झाली दोन वर्षं.”

“आणि बाकीच्यांना?”

“सगळ्यांना.”

“इलेनियाला?”

“नाही रे. तिच्यासमोर आम्ही फार जपलं.” तो हे अशा अभिमानाने म्हणाला की मला त्याला मारावंसं वाटलं.

“मला का सांगितलं नाहीत?”

“तू विचारलंस कधी? आणि काय सांगणार होतो? ‘कान’ बहिरा झाला म्हणून? लेका, गावात काय उरलंय दुसरं आता?” तो जवळ आला आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून बोलू लागला, असाच बोलत होता म्हणजे गेली दोन वर्षं, आणि मी समजत होतो की म्हातारपणी तो लाघवी झालाय. “उद्याची काळजी करू नकोस. मी तुझ्या डाव्या हाताला आहे. गाडी आली की कोपर दाबतो. माझं मत तुझ्या आधी घेतील. मी जे म्हणेन तेच जरा तुझ्या भाषेत म्हण. तुला कसं बोलायचं ते येतंच की.”

ते खरं होतं. मला बोलायला येत होतं. कुठल्याही आवाजाला बसेल असं वाक्य घरी पोचेपर्यंत तयार झालंसुद्धा: चढताना मोकळा आहे, उतरताना थोडा आखडतो. ऐकणारा गप्पच होईल. ते पुन्हा पुन्हा घोळवलं, आणि ते इतकं चांगलं होतं, तेच वाईट होतं. कारण इलेनिया उद्या त्या ‘आखडतो’वर रात्रंदिवस काम करेल. नसलेली खोट शोधत बसेल. किंवा नुसतं ‘चांगला’ म्हणालो, तर सोमवारी माझ्या शब्दाच्या जिवावर साहेबांशी भांडेल, आणि तो शब्द पोकळ असेल. आणि खरं बोललो तर? वकील काय म्हणेल, स्वित्झर्लंडचा माणूस काय म्हणेल, हे दुसरं. मंगळवारी तिने शेजारच्या सीटवरून काय केलं होतं, ते तिला कळेल. एवढं एकच मी कुठूनही, कसंही धरून पाहत होतो, आणि त्यातून वाट निघत नव्हती.

शनिवारी दहाला ट्रॅकवर आम्ही बारा जण रांगेत उभे राहिलो, डांबराकडे पाठ, समोर तारेचं कुंपण आणि पलीकडे मका. वारा होता. इलेनिया आमच्या समोर, कुंपणाला टेकून. तिला चेहरे बघायचे होते. तिने आईचा निळा स्कर्ट घातला होता. कारखान्याचा एक तरुण माणूस वही घेऊन रांगेच्या टोकाला. एर्मेसचं कोपर माझ्या कोपराला टेकलेलं. मी एकाग्र होण्याचा प्रयत्न केला, आयुष्यात केला नव्हता एवढा. आपल्याला वाटतंय तेवढं काही गेलं नसेल, शुक्रवारी मन थाऱ्यावर नव्हतं, नळी खरंच चोंदलेली असेल. मग कोपर दाबलं गेलं. मी सगळा जीव मानेच्या मागे गोळा केला. मका हलत होता, त्याचाही आवाज नव्हता; इतका वेळ माझ्या लक्षातही आलं नव्हतं. रांगेत शेजारी कुणीतरी डोळे मिटले. कुणाच्या तरी दंडावर काटा आलेला मी पाहिला, पांढरे केस उभे. मग मानेवर वाऱ्याचा एक थंड फटका बसला आणि गेला. म्हणजे ती गेली होती. मला त्यांचा हेवा वाटला, इतका की डोळे चुरचुरले. सगळ्यांच्या अंगावर आलं होतं ते काय होतं? माझ्या पोरीने केलेलं, आणि मी सोडून सगळ्यांनी ऐकलेलं.

वहीवाला एकेकाला विचारत आला. एर्मेस म्हणाला, “वर चढतो तेव्हा काळजात कळ येते. उतरताना जरा घाई करतो, बाकी काय बोलायचं नाही.” आणि कोपराने मला ढोसलं.

इलेनिया माझ्याकडे बघत होती. तोंडात वाक्य तयार होतं.

“मला काही ऐकू आलं नाही,” मी म्हणालो.

सगळे हसले. त्यांची हलणारी पोटं दिसली. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. कान म्हणतो मुकी, म्हणजे मुकी! वहीवाल्याने मान डोलावली आणि लिहायला घेतलं. इलेनिया हसली नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला आणि तिने तो ताठ ठेवला, आईसारखा.

“ते लिहू नका,” मी वहीवर हात ठेवला. “लिहू नका ते. गाडीत खोट नाही. मला ऐकू येत नाही. खरंच येत नाही. दोन वर्षं झाली. उंच आवाज एकही येत नाही. या सगळ्यांना माहीत आहे, विचारा. इलेनिया, या अकरा जणांचं धर. माझं धरू नकोस. त्यांच्या अंगावर काटा आलाय, मी बघितलाय.”

आता कुणी हसत नव्हतं. एर्मेस टोपी हातात घेऊन उभा होता. इलेनिया माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या कपाळावर ते चढताना पाहिलं. हुशार आहे ती, लहानपणापासून गणितं मनातच सोडवायची. तिचे ओठ हलले. एकच शब्द होता, मला ऐकू आला नाही, पण दिसला: मंगळवारी.

नाही म्हणायला हवं होतं, तेवढं एक खोटं तरी बोलायला हवं होतं, आणि मला सुचेपर्यंत वेळ निघून गेली. ती कुंपणापासून सुटी झाली, माझ्या बाजूने, मला न शिवता, मागे गेली. गाडीकडे गेली असेल, निघून गेली असेल, असं मी धरून चाललो. मी कुंपणाकडे बघत उभा राहिलो. मग मला दिसलं, की रांगेतले लोक दोन्ही बाजूंनी थोडे सरकले, जागा दिल्यासारखे. वहीवाल्याने वही मिटली. एर्मेस माझ्या खांद्याच्या मागे बघत होता आणि त्याची हनुवटी थरथरत होती, आणि मग तो रडायला लागला, उघड, टोपीने तोंड न झाकता. तेव्हा मला कळलं की ती तिथेच आहे, माझ्या पाठीशी, आणि बोलते आहे. मला वळायचं होतं, पण तिचं बोलून झालं की नाही हे कळायला मला काही मार्ग नव्हता, म्हणून मी तसाच उभा राहिलो.